फडकं मारलंस का?

तुमच्या ऑफिसात रिसेप्शनच्या मागे कंपनीचा चकाचक लोगो आहे ना? बॉसच्या केबिनवर ॲक्रिलिकची नेमप्लेट? गेल्या वर्षी 'स्टार परफॉर्मर' म्हणून तुम्हाला (किंवा शेजारच्या डेस्कवाल्याला, सॉरी!) मिळालेली ती पारदर्शक ट्रॉफी? उद्या ऑफिसला गेलात की एक काम करा. कोणी बघत नाही असं बघून त्यावरच्या एखाद्या अक्षराच्या कडेला हळूच नख लावा. अक्षर जागचं हललं नाही, तर समजा की कुठल्या तरी गाळ्यात, कोणीतरी, त्या दिवशी फडकं नीट मारलं होतं. निघालं तर... माझ्याकडे बघू नका. म्हणजे बघा, पण २०२१ च्या जानेवारीआधीचं काम असेल तरच.

हो, मी हेच करते. हिंजवडीत पाच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधले आणि २०१८ मध्ये कर्ज काढून एक यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटर घेतला. धायरीत गाळा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हे समजावून सांगताना माझी फार पंचाईत व्हायची. 'मुलगी काय करते?' 'प्रिंटिंग.' 'म्हणजे लग्नपत्रिका वगैरे?' नाही हो काकू. आमच्याकडे कागद लागतच नाही. आठ बाय चारचा एक सपाट बेड असतो, त्यावर सनबोर्ड, ॲक्रिलिक, एसीपी, काच, एमडीएफ, अगदी फरशीसुद्धा ठेवायची. खालून व्हॅक्यूम ती वस्तू धरून ठेवतो आणि वरून प्रिंट हेड शाई सोडत जातं. हेडच्या शेजारीच यूव्ही दिवा असतो. शाई पडली की लगेच त्याच्या उजेडात ती घट्ट होते. वाळत नाही, घट्ट होते. फरक आहे. कागदावरची शाई कागदात मुरते. ही मुरत नाही. केसापेक्षा पातळ असा प्लास्टिकचा थर पृष्ठभागावर नुसता बसून राहतो. आता जो नुसता बसलेला असतो, तो कशावर बसलाय याला किती महत्त्व असेल, सांगा!

मला हे कळत होतं. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलंच होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

बाबा पेंटर. म्हणजे चित्रकार नव्हे, पाट्यांचे पेंटर. नारायण पेठेत त्यांचं दुकान होतं. फ्लेक्स आला आणि बघता बघता हाताने पाट्या रंगवण्याचा धंदा बसला, हे तुम्हाला माहीतच आहे. लहानपणी सुटीत दुकानात बसायचे तेव्हा मला एका गोष्टीचा भयंकर कंटाळा यायचा. अक्षरं काढायला बाबांना अर्धा दिवस लागायचा, पण त्याआधी दोन दिवस नुसतं पत्र्याचं कोडकौतुक. सोड्याने धुवायचा, उन्हात ठेवायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पुसायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा पुसायचा. मग खडूचा दोरा ताणून रेघा. मग कुठे ब्रश! 'बाबा, अक्षरं कधी काढणार?' असं मी विचारायचे. ते म्हणायचे, 'फडकं मारलंस का?' बस्स. हेच उत्तर, वर्षानुवर्षं.

आता मुद्द्यावर येते. २०२० च्या शेवटी पेठेतल्या एका शाळेचं काम आलं. इमारतीच्या दुरुस्तीसाठी माजी विद्यार्थ्यांनी पैसे दिले होते आणि त्यांची नावं एका भिंतीवर लावायची होती. ॲक्रिलिकचे बारा पॅनल, प्रत्येक तीन बाय दोन फुटांचा. २६ जानेवारी २०२१ ला झेंडावंदनानंतर छोटंसं उद्घाटन. ते काम माझ्याकडे का आलं, तर शाळेच्या गेटवरची पत्र्याची पाटी बाबांनी १९९४ मध्ये रंगवली होती. मुख्याध्यापिका बाईंना ते नाव आठवत होतं. लॉकडाऊनमध्ये सात महिने माझ्या मशीनने जेमतेम हप्त्यापुरतं काम केलं होतं, तेव्हा हे काम म्हणजे दिवाळी.

ॲक्रिलिक पारदर्शक. छपाई मागच्या बाजूने, उलटी. आधी मरून अक्षरं, त्यावर अख्ख्या पॅनलभर पांढरा थर. समोरून बघितलं की अक्षरं काचेच्या आत असल्यासारखी दिसतात. भारी दिसतं ते! पण यात एक गोम आहे. आपण समोरून बघतो ते शाईचं तळाचं अंग, म्हणजे जे ॲक्रिलिकला चिकटलंय ते. मध्ये धुळीचा कण अडकला, तर तो कायमचा फ्रेम करून भिंतीवर.

पुसायला लागतं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. शुद्ध, पटकन उडून जाणारं. आता आठवा, २०२० मध्ये याचे भाव कसे भडकले होते. अख्खं जग सॅनिटायझर बनवत होतं. त्या धास्तीत मी सॅनिटायझरचे पाच पाच लिटरचे चार कॅन घेऊन ठेवले होते आणि जानेवारीत त्यातले अडीच शिल्लक होते. डोक्यात ट्यूब पेटली. सॅनिटायझरमध्ये तरी काय असतं? अल्कोहोलच ना? मग कशाला वेगळे पैसे घालवायचे! एक्स-टेस्टर मी. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ऑपरेटर दादाला म्हटलं, 'हेच वापर.' तो बिचारा म्हणाला, 'मॅडम, हात जरा चिकट होतात याने.' मी ऐकलं नाही. हे वाक्य मला पुढे खूप दिवस छळणार होतं.

रविवारी, २४ तारखेला, पॅनल लावले. मागे डबलसाइड फोम टेप, दाबून भिंतीवर. स्क्रू नाही, भोक नाही, एकदम क्लीन लुक. बाईंनी फोटो काढले, मी इन्स्टावर टाकले. बाबा आले नव्हते, गुडघा दुखत होता. रात्री निवांत झोपले.

सोमवारी सकाळी साडेसातला बाईंचा फोन. आवाज अगदी शांत होता, त्यानेच पोटात गोळा आला. म्हणाल्या, 'अगं, जरा येऊन जातेस का? काचा खाली पडल्यात. नावं भिंतीवरच आहेत.'

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. गेले, बघितलं. शब्दशः तसंच होतं! पाच पॅनल जमिनीवर पडले होते, स्वच्छ, पारदर्शक, जणू नुकतेच दुकानातून आणलेले. आणि भिंतीवर टेपच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांवर पांढऱ्या थरासकट मरून अक्षरांचे तुकडे. 'कुल', 'डॉ. श्री', 'देशप'. टेपने शाई घट्ट धरली होती. शाईने ॲक्रिलिकला धरलंच नव्हतं. उरलेल्या सात पॅनलना मी कोपऱ्यात नख लावलं, तर सालीसारखी शाई निघून आली. केळ्याची साल सुद्धा जरा जास्त जोर मागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उद्घाटन. काय करावं हे सुचायच्या आधी मी काय केलं, माहितीये? इन्स्टावरचा फोटो डिलीट केला.

बाबांना फोन लावला तेव्हा मी रडत नव्हते, पण फारशी लांबही नव्हते. ते रिक्षाने गाळ्यावर आले. ओरडले नाहीत. 'न छापलेला एखादा पॅनल आहे का?' एवढंच विचारलं. तीन शीटमधून पंधरा तुकडे निघाले होते, त्यातले तीन पुसून तयार ठेवलेले होते. बाबांनी एक उचलला, कडांना धरून, आणि त्यावर तोंडाने 'हाः' करून वाफ सोडली. चष्म्यावर सोडतो तशी.

वाफेत सगळं दिसलं! गोल गोल फराटे, एकात एक अडकलेले, भिंतीपर्यंत पसरलेल्या रांगोळीसारखे. मध्येच पाच बोटांचा स्पष्ट ठसा. वाफ विरली आणि पॅनल पुन्हा निर्मळ, निष्पाप.

'हे पुसणं नव्हे,' बाबा म्हणाले, 'हे सारवणं झालं.'

मग मी कॅनवरचं लेबल वाचलं. चार महिने तो कॅन माझ्या टेबलाशेजारी होता, तेव्हा पहिल्यांदा. अल्कोहोल, पाणी आणि ग्लिसरीन. अल्कोहोलने हात कोरडे पडतात म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेने जो फॉर्म्युला दिलाय त्यातही १.४५ टक्के आहे. ऐकायला किती कमी वाटतं! पण अल्कोहोल मिनिटाभरात उडून जातं, ग्लिसरीन उडत नाही. ते तसंच मागे राहतं, डोळ्याला न दिसणारा चिकट, ओलसर पापुद्रा होऊन. आमची शाई ॲक्रिलिकवर बसलीच नव्हती. ती ग्लिसरीनवर बसली होती. 'मॅडम, हात जरा चिकट होतात याने.' टेस्टरला बग सांगितला गेला होता आणि टेस्टरने तो क्लोज करून टाकला होता.

थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. अळूच्या पानावर पाणी टाकलंत की काय होतं? थेंब मोत्यासारखे गोल होतात, घरंगळतात, पान कोरडं ते कोरडंच. 'अळवावरचं पाणी' आपण उगाच म्हणत नाही. पानाला पाण्याची ओढच नसते. प्रत्येक पृष्ठभागाला अशी कमी-जास्त ओढ असते. ती डाइनमध्ये मोजतात. पाण्याचा स्वतःचा आकडा ७२. ज्या प्लास्टिकचे डबे तुम्ही ऑफिसला नेता, त्या पॉलिप्रॉपिलीनचा साधारण ३०. तेल, ग्लिसरीन, बोटांचा घाम, सिलिकॉन, काहीही मध्ये आलं की चांगल्या पृष्ठभागाचीही ओढ बिघडते. मग शाई एकतर थेंबाथेंबाने गोळा होते, नाहीतर, आणि हे जास्त वाईट, पसरते नीट, दिसते छान, आणि धरत मात्र काहीच नाही. बाबांना डाइन वगैरे माहीत नव्हतं. ते पत्रा धुतला की त्यावर पाणी शिंपडायचे. पाणी सलग पसरलं तर पत्रा झाला. थेंब उभे राहिले तर अजून तेल आहे, पुन्हा धू. लोखंडाला आणि काचेला ही परीक्षा चोख लागू पडते. प्लास्टिकला तितकी नाही, कारण स्वच्छ प्लास्टिकवरही पाणी थोडं आखडूनच बसतं. त्यासाठी आता माझ्याकडे डाइन पेनं आहेत. स्केच पेनासारखी रेघ मारायची आणि दोन सेकंद बघायचं. रेघ तशीच राहिली तर पास, थेंब झाले तर नापास. पण त्या सोमवारी पेन नव्हतं. बाबांची वाफ होती.

नऊ वाजता शीटवाल्याला फोन केला. तीन नवीन शीट मिळाली. यावेळी टेपवर भरवसा नको, चार कोपऱ्यांत स्टीलचे स्टड लावायचे ठरवलं, म्हणजे पॅनलचं वजन शाईवर येणारच नाही. (आधीच असं करायला हवं होतं. ती चूक सॅनिटायझरची नव्हे, माझ्या क्लीन लुकची.) लेझरने कापून, भोकं पाडून तुकडे साडेअकराला आले. पेठेतल्या केमिकलच्या दुकानातून ९९ टक्केवालं आयपीए आणलं, यावेळी लेबल दोनदा वाचून.

आणि पहिलाच पॅनल पुसला, तो डोळ्यादेखत तडकला. तडकला म्हणजे फुटला नाही. भोकांभोवती केसासारख्या बारीक रेघा उमटल्या, पिकलेल्या माणसाच्या डोळ्यांशी असतात तशा. मला वाटलं शीटच खराब आहे. शीटवाल्याला फोनवर झापायला सुरुवात केली, तर तोच म्हणाला, 'ताई, लेझरच्या कडेला अल्कोहोल लावलंत का?' लेझरच्या उष्णतेने ॲक्रिलिकच्या कडेत ताण राहून जातो. त्याला अल्कोहोल लागलं की तो ताण असा रेघारेघांनी बाहेर पडतो. थिनर किंवा ॲसिटोन तर विचारूच नका, ते ॲक्रिलिक विरघळवतंच. म्हणजे सॅनिटायझरही नको आणि शुद्ध आयपीएही नको? मी मटकन खुर्चीत बसले.

'साबण,' बाबा म्हणाले.

भांड्यांच्या साबणाचे चार थेंब बादलीभर कोमट पाण्यात. मऊ कापड. मग साध्या पाण्याने दोनदा, साबणाचा मागमूस राहता कामा नये, नाहीतर तोही ग्लिसरीनचाच भाऊ. मग कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. आयपीए फक्त मधल्या भागात, जिथे अक्षरं येणार तिथे. भोकांपासून चार बोटं लांब. भोकांभोवतीचा पांढरा थरही फाइलमधून काढून टाकला, कारण स्टडच्या टोपीखाली तो दिसणारच नव्हता.

आता 'पुसणं' म्हणजे काय, ते त्या दुपारी मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी शिकले. दोन फडकी लागतात. एकावर आयपीए, दुसरं कोरडं. ओल्याने एकाच दिशेने एक पट्टा ओढायचा आणि तो उडून जायच्या आत मागोमाग कोरड्याने उचलायचा. उचलायचा हा शब्द बाबांचा. अल्कोहोल तेल विरघळवतं, पण घेऊन जात नाही. ते आपोआप उडालं तर तेल होतं तिथेच पुन्हा बसतं, फक्त आता छान पसरून. घेऊन जातं ते फडकं. प्रत्येक पट्ट्यानंतर घडी उलटायची, नवी बाजू. आठ घड्या संपल्या की फडकं बाद. गोल गोल फिरवायचं नाही, ते फरशीला. बनियनचं कापड नको, त्याचे तंतू सुटतात. आणि हातात ग्लोव्हज, पावडर नसलेले. दादाच्या डोक्याला खोबरेल तेल असायचं आणि कपाळावर आलेली बट मागे सारायची त्याला सवय. ते पाच बोटांचे ठसे कुठून आले होते, ते कळलं.

एवढं करून पुसलं आणि मास्किंगची दुसरी बाजू ओढली, तर चर्र! हातावरचे केस उभे राहिले. जानेवारीतली कोरडी हवा, प्लास्टिक आणि ओढून काढलेली फिल्म, म्हणजे स्टॅटिकची आतषबाजी. पुढच्या दहा सेकंदांत गाळ्यातली झाडून सगळी धूळ त्या पॅनलवर येऊन बसली, सत्यनारायणाच्या प्रसादाला येते तशी. पुन्हा पुसावं तर घासण्याने आणखी स्टॅटिक. यात नुसती धूळच येत नाही, शाईचे बारीक थेंबसुद्धा वाट सोडून इकडेतिकडे भरकटतात आणि अक्षराच्या कडेला धुकं धरतं. आता माझ्या मशीनवर आयोनायझर बार आहे. तेव्हा नव्हता.

बाबांनी बादली उचलली आणि मशीनपासून लांब, गाळ्याच्या दाराकडच्या अर्ध्या भागात चक्क सडा घातला. पंखे बंद. शटर अर्धं खाली. हवेत ओल आली की स्टॅटिक मरतं आणि धूळ खाली बसते. आम्ही अर्धा तास थांबलो. नंतर फिल्म सावकाश ओढायची, जमिनीशी समांतर, फाडल्यासारखी नाही. आणि छापण्याच्या अगदी आधी, आदल्या दिवशी नाही.

'सडा चालतो,' बाबा दादाला म्हणाले, 'सारवण नको.' स्वतःच्याच विनोदावर ते हसले. त्या दिवसातलं गाळ्यातलं ते पहिलं हसू.

दोन वाजता पहिला पॅनल बेडवर गेला. शेवटचा रात्री पावणेअकराला उतरला. दर पॅनलला वाफ. वाफ एकसारखी उमटली आणि एकसारखी विरली तरच पुढे. दोन पॅनल बाबांनी परत पाठवले. एकदा मी चिडून म्हटलं, 'बाबा, आता तुम्ही उगाच करताय.' त्यांनी पॅनल तिरका धरून ट्यूबलाइटखाली दाखवला. कडेला एक बोटभर ढग होता. गप्प बसून पुसला.

छापून झाल्यावर एक चाचणी असते. फालतू तुकड्यावर तशीच शाई छापायची, ब्लेडने उभ्या सहा, आडव्या सहा रेघा मारून चौकटी करायच्या, वर टेप चिकटवून झटकन ओढायची. एकही चौकट निघाली नाही तर शून्य मार्क, आणि इथे शून्य म्हणजे पहिला नंबर. सगळंच निघालं तर पाच. खरं तर ही चाचणी चोवीस तासांनी करायची असते, शाईची पकड तोवर वाढत राहते. आमच्याकडे एक तासही नव्हता. टेप ओढली. एका कोपऱ्याची कड किंचित उडाली. 'एक,' मी म्हटलं. बाबांनी जुन्या पॅनलच्या तुकड्यावर तीच टेप लावून ओढली. सगळी चौकट टेपवर आली. 'हा पाच,' ते म्हणाले, 'ठेव जपून.'

पहाटे सहाला स्टड बसवले. आठ वाजता झेंडावंदन झालं, पन्नासेक माणसं, मास्क लावलेली, लांब लांब उभी. राष्ट्रगीताला सगळ्यांची नजर झेंड्याकडे आणि माझी भिंतीकडे. देशभक्तीत कमी पडले असेन, माफ करा. एक आजोबा भिंतीजवळ गेले, त्यांनी बोटाने एका नावावरून हात फिरवला. बहुतेक त्यांच्या भावाचं नाव असावं. छपाई मागून होती, बोट लागलं ते गुळगुळीत ॲक्रिलिकला. तरी माझा श्वास अडकला होता.

पहिल्या बारा पॅनलचे पैसे गेले, दुसऱ्या बारांचे शाळेकडून घेणं शक्यच नव्हतं. त्या महिन्याचा हप्ता बाबांच्या एफडीतून भरला. अजून त्यांनी तो परत घेतलेला नाही, म्हणजे मी देते आणि ते विसरल्यासारखं करतात.

तेव्हापासून गाळ्यात बरंच बदललं. झाडू बंद, ओलं पोछा. कटिंग मशीनवर सिलिकॉन स्प्रे मारायचा तर दुसऱ्या खोलीत, कारण त्याचा तुषार इतका लांब उडतो की तीन टेबलं पलीकडच्या शीटवर छापताना शाईत माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. वडापाव बाहेरच्या कट्ट्यावर. काच आली की पुसून, वर काचेसाठीचं प्रायमर, अगदी पातळ. जाड लावलं तर न लावल्यापेक्षा वाईट. एमडीएफ म्हणजे नुसता भुसा, आधी तो ओढून घ्यायचा. पॉलिप्रॉपिलीनला फ्लेम किंवा प्रायमरशिवाय हात लावत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. पावसाळ्यात बाहेरून आलेलं शीट रात्रभर आत ठेवते. ॲक्रिलिक तर उन्हातून एसीत आलं की आकसतं, दहा डिग्रीच्या फरकाला आठ फुटांत दीडेक मिलिमीटर. दसऱ्याला मशीनची पूजा होते, पण हार बाजूच्या खुर्चीला. एका वर्षी झेंडूचा एक देठ शीटखाली राहिला, शीट उचललं गेलं आणि हेड त्यावरून घासत गेलं. हेड आणि शीट यांच्यात जेमतेम दोन मिलिमीटरचं अंतर असतं हो! त्या हेडच्या किमतीत माझी सेकंडहँड स्कूटर सहज आली असती.

सॅनिटायझरचे उरलेले कॅन सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकले. हातांना छान होतं ते.

त्या शाळेच्या बाई दर २६ जानेवारीला व्हॉट्सॲपवर झेंडावंदनाचे फोटो पाठवतात. मी फोटो झूम करते. बारा पॅनल, प्रत्येकाचे चार कोपरे, एकेक करून. मग फोन बाबांकडे देते. ते पॅनलकडे बघतही नाहीत. चष्मा कपाळावर चढवून गेटवरची स्वतःची पाटी मोठी करतात आणि म्हणतात, 'विद्यालयातल्या 'द्या'चा काना जरा उडत चाललाय गं. एक दिवस ब्रश घेऊन जायला हवं.'